कंकणखोऱ्याची उलटी बाजू

मी कंकणखोऱ्याचा नकाशा. बोलतोय तो मीच, हा दांडीवर लटकलेला जाडाभरडा कपडा. बसा स्वल्प, इथल्या कन्नडात थोडं. भरभर बोलायला मला जमत नाही. एकेक टाका घालून मला शिवलं, तसं माझं बोलणंही टाक्याटाक्याचं.

आधीच सांगून टाकतो, शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या अंगावर रेशमाच्या धाग्याने पंधरा-वीस नावं भरली आहेत, पण मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. कुठे काय आहे ते मला अंगानेच ठाऊक. पाठीला खाज कुठे सुटली, ते माणूस काय वाचून सांगतो का?

कंकणखोरं जगात कुठे शोधायला जाऊ नका. ते मनस्विनीने, आमच्या मनूने, डोक्यातून काढलेलं राज्य आहे. घोड्यांचं, तलवारींचं, मशालींचं. भोवती डोंगरांचं कडं, अगदी बांगडीसारखं गोल. मावळतीला ती बांगडी एका जागी पिचलेली, आणि त्या फटीतून समुद्र आत डोकावतो. "पिचली म्हणू नये, वाढली म्हणावं," असं तुंगाबाई, माझ्या शिंप्याची बायको, दर वेळी म्हणतात. बरं, वाढली.

उगवतीच्या डोंगरावर मुका किल्ला आहे. त्याच्या दाराशी घंटा नाही, आणि आत एक शब्द बोलायची सोय नाही. पहारेकरीसुद्धा हातवाऱ्यांनी बोलतात. कारण किल्ल्याच्या पायथ्याशी राक्षस निजला आहे. लांबून बघाल तर टेकडीच वाटेल. मोठा आवाज झाला की तो कूस बदलतो, आणि त्याने कूस बदलली की उमाळी नदी आपली वाट बदलते. मग खालची गावं वाहून जातात. म्हणून वरचे लोक गप्प राहतात, खालच्या लोकांसाठी.

उमाळी नदी किल्ल्याखालून निघते, राखेच्या रानाला वळसा घालते, चाप पुलाखालून जाते आणि समुद्राला मिळते. तिथे सात दिव्यांचा बुरूज. वरच्या अंगाला मिठाचं वाळवंट, तिथे उमटलेलं पाऊल शंभर वर्षं पुसत नाही.

हे सगळं मनूने कागदावर काढलं होतं. तेव्हा तिला दिसत होतं.

ती नागपूरची. नोकरीसाठी बेंगळुरूला आली, महादेवपुऱ्यात राहिली. दर शनिवारी दुपारी चौघं-पाच जण जमायचे आणि कंकणखोऱ्याचा खेळ मांडायचे. मनू राज्य सांगणारी. "तुम्ही पुलापाशी पोचलात. मागून घोड्यांच्या टापा येताहेत. काय करणार?" असं ती विचारायची. बाकीचे आपापली सोंगटी नकाशावर पुढे सरकवायचे, फासे टाकायचे, भांडायचे, मरायचे, पुन्हा चहा पिऊन जिवंत व्हायचे.

मग मनू आजारी पडली आणि त्या आजारात तिची नजर गेली. त्याला आता चार वर्षं होतील. महादेवपुऱ्यातलं घर सोडून ती बसवनगुडीला आली, श्रीधररावांच्या माडीवर. संगणकाचं बोलणं कानाने ऐकून काम करायला शिकली. पंधरा पायऱ्या मोजत खाली येऊन तुंगाबाईंच्या हातचं जेवायला शिकली. खेळ तेवढा पुन्हा मांडला नाही.

श्रीधरराव शिंपी. त्यांच्या घराण्याला या गावात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड. पुढच्या खोलीत दुकान होतं, आता नावापुरतं. मशीनवर कापड कमी आणि वर्तमानपत्रं जास्त. डोळ्यांत पडदा आलेला. डॉक्टरांनी एका डोळ्याचं काहीतरी केलं, दुसऱ्याचं होणार नाही म्हणाले. शाळा त्यांनीही पाहिली नाही. सही इंग्रजीत करतात, पण ती त्यांनी पाठ केलेली वेलबुट्टी आहे.

त्या दुकानाच्या कपाटात मी होतो. म्हणजे अजून मी झालो नव्हतो. शिवून तयार, पण गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही असे कपडे असतात ना, त्या गठ्ठ्यात मी तुकड्यातुकड्यांनी निजलो होतो. एक बँकेच्या साहेबांचा कोट, एक सफारी, शाळेच्या निळ्या पॅन्ट्स. पुढचं बोलणं मी तिथूनच ऐकलं.

मल्हार आला होता. मनूच्या खेळातला जुना गडी, पुण्याचा. वाईट मुलगा नाही, पण जीभ पायाच्या पुढे धावते.

"मनू, तीन वर्षं झाली यार. कंकणखोरं कुलूप लावून ठेवलंयस तू. आम्हाला दे ना. मी चालवतो."

"चालवून काय करशील?"

"मस्त सुरू करतो! पहिल्याच दिवशी मुका किल्ला उडवून देऊ. धडाम! राक्षस उठला, नदी फुटली, सगळं पाण्याखाली. थोडी ॲक्शन पाहिजे गं."

"किल्ला उडवायचा नाही."

"मग तू ये. पण तुला... म्हणजे कोण कुठे उभं आहे, ते तुला कसं..." तो थांबला. उशिरा थांबला.

मनू म्हणाली, "एक शनिवार दे मला. मी चालवते. माझ्याच राज्यात मी तीनदा वाट चुकले, तर घेऊन जा. किल्ला उडव, काय वाटेल ते कर."

"नक्की?"

"तीनदा. नक्की."

तो गेल्यावर मनू तशीच बाकड्यावर बसून राहिली. श्रीधररावांनी वर्तमानपत्राची घडी केली. वाचत नव्हतेच ते.

"मनू, ते तुझं राज्य कापडावर बसेल का गं?"

"म्हणजे, अण्णा?"

"समुद्र गुळगुळीत लागेल, डोंगर टोचेल. हात फिरवलास की कळेल. सोंगट्यांऐवजी बटणं घेऊ, पाठीमागे सेफ्टी पिन लावून. टोचली तिथे बसली, हलणार नाही."

आतून तुंगाबाई म्हणाल्या, "डोळे नाहीत म्हणून दुकान बंद केलंत ना? आता राज्य शिवायला निघाले!"

"कोट शिवायला डोळे लागतात. राज्य मी हातानेच शिवीन."

मनूने माडीवरून जुना कागद आणून दिला. असा माझा जन्म ठरला.

साहेबांच्या कोटातलं कॅनव्हास काढलं, त्याचे डोंगर झाले. खांद्याचे दोन पॅड एकावर एक बसवले, तो राक्षस. सफारीच्या आतलं साटीन, तो समुद्र. राखेचं रान जुन्या मखमलीचं, उलटा हात फिरवला की अंगावर काटा येईल असं. वाळवंट गोणपाटाचं. उमाळी नदी म्हणजे, लाज कसली, पायजम्याची नाडी. सात दिव्यांना शर्टाची सात बटणं. आणि चाप पूल हा खरोखरचा चाप, ब्लाउजचं टिचबटण. दाबलं की टक् करून बंद, ओढलं की उघडा.

आता माझ्या शिंप्याची रीत सांगतो. पुढचं सगळं त्या रितीवरच आलं.

शिंपी खडूची रेघ कापडाच्या सुलट्या बाजूला कधी मारत नाही. डाग दिसेल ना. कापड उलटं पसरायचं, वर कागदी कटिंग ठेवायचं, भोवती खडू फिरवायचा, शिवणीसाठी बोटभर माया सोडायची आणि कात्री चालवायची. श्रीधररावांनी साठ वर्षं हेच केलं. माझा प्रत्येक तुकडा त्यांनी असाच कापला. मग माझ्या पाठच्या बाजूने, नुसत्या बोटांनी शिवणी चाचपत एकाला एक जोडले.

तुंगाबाई टेबलाच्या पलीकडे बसून नावं भरायच्या. त्यांना वाचता येतं. एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, समुद्र ह्या बाजूला होता का त्या?"

"तू तिकडून बघतेस की. मी इकडून."

"हं. तेही खरंच."

एवढ्यावर ते मिटलं. मला तरी काय कळणार? मी असाच जन्मत होतो. जन्मणाऱ्याला आपलं नाक कुठे आहे ते कुठे ठाऊक असतं?

मनू एकेक तुकडा हातात घेऊन बघायची. "अण्णा, हे वाळवंटच! खारट लागतंय हाताला." पण सबंध मी तिच्या हाती आलो नाही. शनिवार उजाडला तेव्हा सातवा दिवा जेमतेम लावून झाला, आणि अस्तर नुसतं कच्च्या टाक्यावर होतं.

"एकदा हात फिरवून घेऊ का?" तिने विचारलं.

"कोटाला ट्रायल देतात पोरी, राज्याला कसली ट्रायल!" श्रीधरराव हसले. "चल. मेट्रोला गर्दी होईल."

हे वाक्य त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

तुंगाबाईंनी मला सूटच्या जुन्या कव्हरात गुंडाळलं. मॅजेस्टिकला गाडी बदलली. मनूचा हात अण्णांच्या खांद्यावर, आणि अण्णांची धूसर नजर फलाटावर. कोण कोणाला नेत होतं, देव जाणे. के. आर. पुरम गेलं तेव्हा मनू म्हणाली, "अण्णा, पुढचं आपलं." स्टेशनांची नावं ती ऐकून मोजत होती. ओठांनी ती आणखी काहीतरी पुटपुटत होती, तेही मला ऐकू आलं. "डावीकडे समुद्र, बुरूज, मग पूल. उजवीकडे रान, राक्षस, किल्ला." पुन्हा पहिल्यापासून. पोरगी परीक्षेला निघाली होती.

महादेवपुऱ्यात मल्हारच्या घरी शुभदा होती. ती मनूची जुनी मैत्रीण आणि खेळातली तिरंदाज. आणखी दोघं होते. मला टेबलावर पसरलं तशी शुभदा ओरडलीच, "ओ माय गॉड, मनू! राक्षसाला खांदे आहेत!"

"अण्णांनी शिवलंय."

"अण्णा, ग्रेट आहात तुम्ही. बसा ना, इकडे खुर्चीत."

श्रीधरराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. नवीन घरात म्हातारं माणूस बसतं तसे, अगदी कडेवर.

मनू माझ्यासमोर बसली. दोन्ही हात उचलले आणि माझ्यावर ठेवले. तिचा डावा हात समुद्रावर ठेवावा तसा अलगद उतरला.

खाली डोंगर होता.

मला तिची बोटं थबकलेली कळली. ती पुढे गेली, मागे आली. कॅनव्हास, कॅनव्हास, किल्ल्याचा बुटका तट. उजवा हात सरकला, तर तिथे साटीन. थंड, गुळगुळीत. बोटं एकदम गार पडली. माझ्यावर कोणी पाणी शिंपडलं असं वाटलं मला.

"सुरू करायचं?" मल्हारने विचारलं.

"हो." आवाज सरळ ठेवला तिने. "तुम्ही चौघं बुरुजापासून निघालात. दिवस मावळायच्या आत किल्ल्यावर निरोप पोचवायचा आहे. पाठीवर समुद्र. नदी धरून चाला, डाव्या हाताने पहिला लागेल तो चाप पूल."

शुभदा हळूच म्हणाली, "मनू... पूल उजव्या हाताला आहे गं."

"हां. उजव्या. सॉरी."

"एक," मल्हार म्हणाला. चढ्या आवाजात नाही. पण म्हणाला.

खेळ पुढे सरकला. सेफ्टी पिना माझ्या अंगात टोचत होत्या, दुखत नव्हतं. दुखत होतं ते निराळंच. मनूची बोटं माझ्यावर अशी फिरत होती, जशी माणसं स्वतःच्या घरात दिवे गेल्यावर फिरतात. प्रत्येक वस्तू हाताला लागतेय, पण जिथे असायला हवी तिथे एकही नाही.

"शुभदा, तू रानात शिरलीस. समोर..." ती थांबली. "उजवीकडे राक्षस दिसतोय."

"राक्षस डावीकडे आहे, मनू," मल्हार म्हणाला. "तूच काढलेला."

"दोन," असं तो म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती.

मनूने हात उचलून मांडीवर घेतले. शुभदाने तिच्या दंडाला धरलं. "पाणी देऊ?"

"शुभे," ती अगदी हळू बोलली, पण मी मध्येच होतो, मला ऐकू आलं, "मला वाटलं होतं तेवढं तरी आत शिल्लक आहे. डोळ्यांनी दिसत नाही ते ठीक. पण हे तर मी केलं होतं गं. हेही गेलं?"

तिला वाटलं, ती विसरली. मी उलटा असेन हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिने अण्णांच्या हातावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोक्यावर अविश्वास. मला तोंड असतं तर मी फाटून ओरडलो असतो.

मल्हार खुर्चीत मागे टेकला. "मनू, राहू दे. खरंच. मी नीट सांभाळीन. किल्लासुद्धा लगेच नाही उडवत, सरी? चालेल?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत श्रीधरराव बसले होते. त्यांना टेबल म्हणजे एक रंगीत धुकं दिसत असेल. पण कान शाबूत. ते डोळे मिटून गुडघ्यावर बोट फिरवत होते. खडू फिरवावा तसं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग ते बोट थांबलं.

मला त्या क्षणी समजलं की त्यांना समजलं.

आता ऐका. ते गप्प बसले असते तर कोणालाही पत्ता लागला नसता. पोरीच्या डोक्यातून राज्य गेलं, असंच सगळ्यांनी धरलं असतं. साठ वर्षांचं त्यांचं नाव शाबूत राहिलं असतं. हे त्यांचं शेवटचं काम होतं. शेवटच्या कामात चूक झाली, हे कोणता कारागीर चार परक्या माणसांत उभा राहून सांगेल? पंखा फिरत होता. शुभदाने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, त्याचा आवाज झाला. मल्हारने मला गुंडाळायला माझं एक टोक उचललं.

"स्वल्प थांबा."

श्रीधरराव उभे राहिले होते. एक हात भिंतीवर.

"पोरगी चुकली नाही. मी चुकलो. राज्य मी उलटं शिवलंय."

"म्हणजे?" मल्हारने टोक खाली ठेवलं.

"शिंपी उलट्या बाजूने कापतो, बाबा. कोटाला डावा हात लागतो, उजवाही लागतो. एक उलटा कापला तर दुसरा सुलटा, जोडी जुळतेच. आयुष्यभर जुळली. पण राज्याला जोडी नसते. एकच समुद्र. तो मी नेऊन दुसऱ्या खांद्याला लावला." त्यांनी टेबलाकडे हात केला. "मनूने सांगितलं ते सगळं बरोबर आहे. माझं कापड चूक."

मल्हारने फोन काढला. त्यात मनूच्या जुन्या कागदाचा फोटो होता. त्याने फोन माझ्याशेजारी धरला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "च्यायला," तो म्हणाला. "फोटोत समुद्र डावीकडे आहे. सगळं आरशात बघितल्यासारखं झालंय."

मनू वळली. "अण्णा. म्हणजे मी विसरले नाही?"

"नाही गं पोरी."

"काहीच विसरले नाही?"

"एक टाकासुद्धा नाही."

ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. दोन्ही हात माझ्यावर टेकून ती खाली वाकली, आणि माझं मिठाचं वाळवंट ओलं झालं.

"मग त्या दोन चुका धरायच्या नाहीत," मल्हार म्हणाला. "दुसरा नकाशा शिवा, पुढच्या महिन्यात खेळू."

"धरायच्या," मनू म्हणाली. तिने डोळे पुसले. "दोन माझ्या नावावर राहू देत. आजच खेळायचं. पण उलट्या राज्यात कसं..."

"उलटं उलटवलं की सुलटं," श्रीधरराव म्हणाले, आणि खिशातून छोटी कात्री काढली.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? कात्रीतूनच जन्मलो, पण पूर्ण झाल्यावर कात्री बघणं निराळं. त्यांनी मला पालथं केलं, अस्तराची कड चाचपली, आणि कच्चे टाके एकामागून एक तोडायला लागले. टचक, टचक. एकदा पातं माझ्या शिवणीला घासून गेलं.

अस्तर गळून पडलं. माझी पाठ उघडी झाली. शिंप्याला याची केवढी शरम असते, तुम्हाला कल्पना नाही. धाग्यांच्या गाठी, मायेच्या कडा, कुठे जोड, कुठे ठिगळ. गिऱ्हाइकाला कधी दाखवायचं नाही ते सगळं.

"कपडे वाळवायचं स्टँड आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

शुभदाने गॅलरीतून आणलं. मला चिमट्यांनी टांगलं. पुढून चौघं खेळणारे, मागे मनू. अण्णांनी तिचे हात धरून माझ्या पाठीवर ठेवले.

"मी तुला असंच शिवलंय, बघ. पाठीमागून. हात लाव."

तिचा डावा हात उतरला. माझ्या समुद्राची शिवण तिथेच होती. सात बटणांच्या सात गाठी. तिथून नाडीचा दोरा. पुलाचा उंचवटा. रान. खांद्याच्या पॅडची भरगच्च मागची कड. उजव्या हाताच्या टोकाला किल्ला. ती पुटपुटत गेली आणि प्रत्येक शब्दाला तिच्या बोटाखाली काही ना काही सापडत गेलं.

"आयतु," ती म्हणाली. हा शब्द तुंगाबाईंचा, स्वयंपाक झाला की म्हणायचा. "एक ठरवू. उजवं-डावं कोणी बोलायचं नाही. कंकणखोऱ्यातली माणसं बोलतात तसं बोला. समुद्राकडे, नाहीतर डोंगराकडे. तुम्ही राज्य बाहेरून बघताय, मी आतून."

मग जो खेळ झाला! सोंगटी पुढून टोचली की पिनेचा पाठचा दांडा तिच्या बोटाला लागायचा. कोण कुठे आहे ते तिला सांगावंच लागेना. वाळवंटातून लुटारू आले. रानात शुभदाचा बाण वाया गेला. एक गडी नदीत पडला आणि चहाला उठला.

एकच चूक हाताशी होती, हे कोणी विसरलं नव्हतं. मल्हारही नाही. शेवटच्या वळणावर त्याने एक गोष्ट केली. काही न बोलता, श्वाससुद्धा न सोडता, त्याने आपलं बटण चाप पुलावरून उचललं आणि राक्षसाच्या मानेवर टोचलं. पुलाचा चाप त्याने दोन बोटांनी इतका हळू उघडला की टक् झालं नाही. मग विचारलं, "मनू, मी कुठे आहे?"

पूल तिच्या बोटाला मोकळा लागला. पिन तिथे नव्हती. तिचे हात निघाले. रानात नाही. वाळवंटात नाही. समुद्रापर्यंत जाऊन आले. माझ्या सगळ्या अंगावर ते दहा पाय चालत होते, आणि मल्हार गालातल्या गालात हसत होता. श्रीधररावांनी खुर्चीचा हात धरून ठेवला होता.

पॅड जाड असतो, पिन आरपार येत नाही. म्हणून तर त्याने ती जागा निवडली असावी, किंवा नसेलही. पण त्याने बटण अजून हाताने धरलं होतं. पॅड त्याच्या बोटाने पाठीमागे किंचित फुगला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मनूचं बोट तिथे येऊन थांबलं. तिने दाबलं. पुढून त्याचं बोट, मागून तिचं, आणि मध्ये फक्त मी.

"राक्षसाच्या मानेवर उभा आहेस," ती कुजबुजली. "पूल तू मागे उघडा टाकून आलायस. आता एक शब्द मोठ्याने बोललास तर तो कूस बदलेल, आणि खालची तेवीस गावं वाहून जातील. काय करणार?"

मल्हारने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने दोन्ही हात वर करून हातवारे केले, मुक्या किल्ल्यातल्या पहारेकऱ्यासारखे. मनूला ते दिसणार नव्हते. शुभदाने तिच्या कानाशी सांगितलं, "मनू, तो हात जोडतोय."

"मग किल्ल्याचं दार उघडलं," मनू म्हणाली.

राज्य तिचंच राहिलं. मल्हार आता दर शनिवारी बसवनगुडीला येतो आणि तुंगाबाईंची बोलणी खातो. "बाबा, बूट बाहेर काढ, इथे राज्य आहे तरी फरशी आमची आहे."

त्या दिवसाला वर्ष झालं. मी दुकानाच्या खोलीत मधोमध दांडीवर असतो, दोन्ही बाजूंनी खुर्च्या. उमाळी नदीचा दोरा जरा सैल झालाय. दोन दिवे बदलले. श्रीधररावांचा चांगला डोळाही आता विझत आला. घरी आले त्या दिवसापासून ते म्हणत होते, नवा शिवतो, सुलटा. मनू नको म्हणाली. मग म्हणाले, निदान अस्तर लावतो, शिंप्याच्या घरात उघडं काम टांगलेलं बरं दिसत नाही. सुई ओवता आली नाही, म्हणून ते राहिलं.

आजकाल दुपारी ते माझ्या पाठीमागे येऊन बसतात. पुढून तुंगाबाई, भाजी निवडून झाली की.

"हे काय, सांगा?" त्या बोट दाबतात.

"मिठाचं वाळवंट."

"आणि हे?"

"बँकेच्या साहेबांचा खांदा. राक्षस."

"आणि आता?"

ते जरा वेळ बोट तिथेच ठेवतात. "आता तुझं बोट. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं."

तुम्हीही कधी या. हात स्वच्छ पुसून या, साटीनला तेल लागतं. पुढून बसा, मागून बसा. माझं मागणं एकच आहे. चांगल्या मनाच्या कोणा माणसाला माझी दया येईल, धागे बाहेर दिसताहेत म्हणेल आणि सुईदोरा घेऊन बसेल. त्याला हळूच अडवा. म्हणावं, हे राहिलेलं काम नाही, मुद्दाम सोडलेलं आहे. माझ्या पाठीला अस्तर लावू नका.